पिच आपलं, मॅच त्यांची

पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर २०२४ पर्यंत तीन कसोटी झाल्या. तिन्हींचे निकाल एकाखाली एक लिहून बघा. २०१७ ला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ३३३ धावांनी हरवलं. २०१९ ला आपण साऊथ आफ्रिकेला एक डाव आणि १३७ धावांनी हरवलं. २०२४ ला न्यूझीलंडने आपल्याला ११३ धावांनी हरवलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच आपण घरची सिरीज घालवली. यातल्या दोन मॅचना पिच लवकर फिरायला लागणारं होतं, म्हणजे सगळे म्हणतात तसं आपल्या सोयीचं, आणि त्या दोन्ही आपण हरलो. एका मॅचला धावा होणारं, बऱ्यापैकी उसळी असलेलं, बॅटिंग आणि बॉलिंग दोन्हीला काहीतरी देणारं पिच होतं, आणि तिथे समोरची टीम चौथ्या दिवशी संपली.

आता तीन मॅचवरून कोणी सिद्धांत मांडत नाही हे मलाही कळतं. पण कसोटी बघायला लागल्यापासून हीच गोष्ट मला इतक्या वेळा दिसलीये, आपल्याकडे, पाकिस्तानात, साऊथ आफ्रिकेत, की आता ती सविस्तर लिहूनच काढावी म्हटलं. मला म्हणायचंय ते एवढंच, की घरच्या टीमने पिचचा अतिरेक केला, मग तो आखाडा असो, म्हणजे पहिल्या दिवसापासून धूळ उडवत फिरणारं पिच, की हिरवंगार गवत, की ती स्वतःचे चान्सेस वाढवत नाही, कमी करते. चांगल्या टीमला चांगलं पिच लागतं. ट्रेनमध्ये, ऑफिसात, घरात टीव्हीसमोर नेमकं उलट ऐकू येतं. घरी खेळतोय ना, मग फिरवा पहिल्या दिवसापासून, समोरच्यांना फिरकी येते कुठे. ऐकायला बरोबर वाटतं, पण स्कोअरकार्डं काढून बसलं की ते टिकत नाही.

२०१७ चीच मॅच घ्या. विराटची टीम तेव्हा कोणालाच ऐकत नव्हती, त्याच सीझनमध्ये न्यूझीलंडला ३-०, इंग्लंडला ४-० केलेलं, आणि ऑस्ट्रेलियाने भारतात २००४ च्या नागपूरनंतर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. अशा टीमसाठी पिच कसलं, तर कोरडं ठणठणीत, पहिल्या सकाळपासून माती उडतीये. ऑस्ट्रेलियाने टॉस जिंकला, २६० केल्या, त्यात स्टार्कच्या ६१ शेवटी फटकेबाजी करून. आणि गंमत म्हणजे त्या डावात आपल्याकडून सगळ्यात जास्त विकेट, चार, उमेश यादवने काढल्या, म्हणजे आपल्या विदर्भाच्या फास्ट बॉलरने. मग आपण ३ बाद ९४ वरून सर्वबाद १०५. शेवटच्या सात विकेट अकरा धावांत. दुसऱ्या डावात १०७. स्टीव्ह ओकीफ नावाचा डावखुरा स्पिनर, त्याने पहिल्या डावात ३५ धावांत ६ आणि दुसऱ्या डावातही ३५ धावांत ६. दोन्ही डाव धरून ७० धावांत १२. मॅच तिसऱ्या दिवशी संपली आणि आयसीसीच्या मॅच रेफरीने पिचला ‘पुअर’ शेरा मारला.

ओकीफने काय केलं हे नीट बघितलं पाहिजे, कारण सगळी मेख तिथेच आहे. चांगल्या पिचवर स्पिनरला विकेट कमवावी लागते. चेंडू हवेत थोडा सोडायचा, ड्रिफ्ट मिळवायचा, म्हणजे तो हवेतच जरा बाजूला सरकवायचा, बॅट्समनला पुढे ओढायचं, टप्पा त्याच्या अंदाजाच्या हातभर अलीकडे पाडायचा, अशी चार-पाच ओव्हरची तयारी करून मग एक चेंडू टाकायचा. अश्विन आणि जडेजा हे त्यात जगात कोणाच्याही पुढे होते. पाहुण्या टीमच्या साध्या स्पिनरकडे हे सगळं नसतं. पण पिचच इतकं फिरायला लागलं की त्याला यातलं काही लागतच नाही, त्याने फक्त जरा वेगात एकाच जागी मारत राहायचं, त्यातला एखादा हातभर वळतो आणि एखादा तस्साच सरळ आत घुसतो, आणि कुठला काय करणार हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. बॅट्समन वळणाऱ्याला खेळायला जातो आणि सरळ येणारा पॅडवर बसतो. दुसऱ्या डावात कोहलीने ओकीफचा असाच एक चेंडू बॅट वर करून सोडून दिला आणि तो आत येऊन स्टंप उडवून गेला. उलट आपल्या स्पिनर्सचा चेंडू जास्त वळायचा म्हणून बॅटची कड चुकवून जायचा, किपर हात वर करायचा, प्रेक्षक हळहळायचे आणि स्कोअर पुढे जात राहायचा. म्हणजे आपण ज्या कौशल्याच्या जोरावर भारी होतो त्याची गरजच त्या पिचने काढून टाकली.

माझ्या डोक्यात हे असं बसतं. दोनशे मार्कांचा पेपर असेल तर वर्गातला हुशार पोरगा हमखास पुढे जाणार, पण पेपरात दोनच प्रश्न असतील तर कोणीही नशिबाने त्याला मागे टाकू शकतो. पाच दिवसांची, दीड हजार-दोन हजार चेंडूंची मॅच हा मोठा पेपर आहे. अडीच दिवसांत संपणारी मॅच हा दोन प्रश्नांचा.

भारतातल्या फिरत्या पिचवर कोणाकोणाचं नाव झालंय बघा. २००४ ला वानखेडेवर मायकेल क्लार्क, जो मुळात बॅट्समन, त्याने ९ धावांत ६ काढल्या. २०२१ ला अहमदाबादला जो रूट, तोही बॅट्समन, ८ धावांत ५. २०२३ ला इंदूरला मॅथ्यू कुहनमन, कारकिर्दीतली दुसरीच कसोटी, १६ धावांत ५. २०२४ ला गहुंज्याला मिचेल सँटनर, ज्याने तोवर कसोटीत एका डावात कधी पाच विकेट घेतल्या नव्हत्या, त्याने ५३ धावांत ७ आणि परत १०४ धावांत ६. हे सगळे चांगले खेळाडू आहेत, त्यांचं कष्टाचं श्रेय काढून घ्यायचं नाहीये मला, सँटनरने तर वेग कमी-जास्त करत फार हुशारीने बॉलिंग केली होती. पण अश्विन-जडेजा आणि पार्टटाइम बॉलर यांच्यातलं अंतर पुसून टाकणारं पिच आपणच का बनवायचं?

आता २०१९ कडे या. ऑक्टोबर महिना, तेच गहुंजे. आपण टॉस जिंकून ५ बाद ६०१ वर डाव सोडला, मयांक अगरवालचे १०८, कोहली नाबाद २५४, जडेजा ९१. आता म्हणाल पाटा होतं, म्हणजे बॉलरसाठी काहीच नसलेलं पिच. पाटा असतं तर साऊथ आफ्रिकेनेही पाचशे केल्या असत्या ना. त्यांच्या २७५ आणि १८९ झाल्या. पहिल्या डावात त्यांचा केशव महाराज आणि फिलँडर नवव्या विकेटला शंभरच्या वर उभे राहिले, म्हणजे उभं राहणाऱ्याला पिच उभं राहू देत होतं. तरीही उमेश आणि शमी त्यांना नव्या चेंडूने त्रास देत होते, मग अश्विन-जडेजा. पिच सगळ्यांना सारखंच होतं आणि ज्यांच्याकडे जास्त होतं त्यांनी जास्त घेतलं. घरच्या मैदानावरची सलग अकरावी सिरीज आपण तिथे जिंकलो, तो वर्ल्ड रेकॉर्ड होता, आणि तो आखाड्यावर झालेला नाही.

त्याच्याही आधीचं २०१६ घ्या, मला तर तो सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. डिसेंबरमध्ये वानखेडेवर इंग्लंडने टॉस जिंकून पहिल्या डावात ४०० केल्या. चारशे! पाहुण्या टीमने भारतात चारशे केल्या की मॅच निदान वाचायला हवी. आपण ६३१ केल्या, कोहली २३५, जयंत यादव नवव्या नंबरवर येऊन १०४, आणि इंग्लंड एक डाव आणि ३६ धावांनी हरलं. लगेच पुढच्या आठवड्यात चेन्नईला त्यांनी ४७७ केल्या. आपण ७ बाद ७५९, करुण नायर नाबाद ३०३, आणि शेवटच्या दिवशी जडेजाने ४८ धावांत ७ काढून त्यांना परत डावाने हरवलं. चारशे आणि पावणेपाचशे करूनही समोरची टीम डावाने हरत असेल तर आपल्याला आखाडा कशाला पाहिजे? आपलं बळ चौथ्या-पाचव्या दिवशी दिसतं. मॅचला तिथपर्यंत पोचू द्यायला हवं, बस.

इथे कोणीतरी २०२१ चं चेन्नई काढणार आणि ते बरोबरच आहे. रूटने २१८ ठोकले, इंग्लंडने ५७८ केल्या आणि आपण २२७ धावांनी हरलो, पहिले दोन दिवस पिच अगदी निर्जीव होतं आणि टॉस त्यांनी जिंकलेला. त्यानंतर पिचं बदलली आणि सिरीज आपण ३-१ अशी काढली. पण त्याच चेन्नईतली दुसरी कसोटी आठवा. पिच पहिल्या दिवसापासून फिरत होतं, तरी रोहितने १६१ केल्या, अश्विनने दुसऱ्या डावात १०६ केल्या. म्हणजे फिरत होतं पण खेळता येत होतं. २०२३ ला नागपूरला, म्हणजे जामठ्याला, रोहितचे १२० तसेच. फिरणं हा प्रॉब्लेम कधीच नव्हता, भारतात चेंडू फिरणारच, फिरावाच. प्रश्न किती, कधीपासून, आणि उसळी सारखी आहे का, याचा आहे. चेंडू फिरला पण ज्या उंचीवर अपेक्षित आहे त्याच उंचीवर आला तर चांगला बॅट्समन त्याला खेळतो. एक मांडीला आणि दुसरा घोट्याला लागला की रोहित आणि अकरा नंबर यांच्यात फारसा फरक उरत नाही.

आणि जिंकलोयच की आपण अशा पिचवर, हेही सांगितलं पाहिजे. २०१५ चं जामठा, साऊथ आफ्रिका सर्वबाद ७९, अश्विनच्या बारा विकेट, १२४ धावांनी जिंकलो, पिचला ‘पुअर’ शेरा. पण त्या मॅचचा स्कोअर परत बघा, आपल्याही २१५ आणि १७३ च आहेत, पूर्ण मॅचमध्ये कोणाचीही फिफ्टी नाही. २००४ चं वानखेडे आपण १३ धावांनी जिंकलो, ऑस्ट्रेलियाला १०७ पाहिजे होत्या आणि मुरली कार्तिक-हरभजनने ९३ वर गुंडाळलं. मजा आली होती, खोटं कशाला बोलू, पण सचिनचे ५५ आणि लक्ष्मणचे ६९ नसते तर तीच मॅच उलटी गेली असती. १९८७ चं बंगळुरू तसंच उलटं गेलं. पाकिस्तान पहिल्या डावात ११६, मनिंदर सिंगच्या २७ धावांत ७, आणि शेवटी २२१ चा पाठलाग करताना आपण २०४ वर आउट, सोळा धावांनी हार. इक्बाल कासीम आणि तौसिफ अहमद, दोघांनी नऊ-नऊ विकेट काढल्या. गावसकरांची ती शेवटची कसोटी, त्यात त्यांनी त्या उसळत्या, वळत्या पिचवर ९६ केल्या. आमच्या घरात त्या ९६ बद्दल अजून शतकांपेक्षा जास्त बोललं जातं, वडील अजून तो शेवटचा चेंडू कसा उडाला ते हाताने दाखवतात.

पिच म्हणजे नेमकं काय असतं हे मला थोडंफार कळलं ते शाळेत असताना, ज्या क्लबच्या नेटला जायचो तिथल्या माळीकाकांमुळे. ते संध्याकाळी पाणी मारायचे, सकाळी उन्हं चढायच्या आत रोलर फिरवायचे, आधी उभा मग आडवा, आणि मधेच सायकलची किल्ली मातीत टोचून बाहेर काढून बघायचे, तिला किती ओल लागलीये. किल्लीला माती चिकटून आली तर नेट नाही. आम्ही पोरं वैतागायचो. पण सगळा खेळ त्या ओलीचाच आहे हे मोठं झाल्यावर समजलं. वरून कोरडं आणि आत ओल असलेलं पिच हळूहळू वाळतं, भेगा सावकाश पडतात, मॅच चार-पाच दिवस चालते. मॅचच्या बऱ्याच आधी पाणी तोडलं, गवत काढलं, रोलर कमी फिरवला, की माती सुटी राहते आणि पहिल्या तासातच धूळ उडते. पाणी मारून झाकून ठेवलं, गवत ठेवलं, की सीम होणार, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू शिवणीवरून इकडे-तिकडे जाणार. माळ्याच्या हातात एवढंच असतं, पाणी, रोलर, गवत आणि ऊन, पण त्यावर पाच दिवस ठरतात.

मातीचं तर आपल्याकडे पुस्तकात शोधायला नको. आपल्या देशावरची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतात उन्हाळ्यात फिरलेल्या कोणालाही माहितीये. पण तीच माती नीट रोल केली की घट्ट बसते, चेंडू संथ येतो, खाली राहतो. लाल मातीत उसळी जास्त, चेंडू बॅटवर येतो, पण ती लवकर भुगाही होते. वानखेडे लाल मातीचं, म्हणून तिथे फास्ट बॉलरलाही मजा येते आणि स्पिनरचा चेंडू उसळून ग्लोव्हजला लागतो. २०१२ ला धोनीने फिरणारी पिचं मागितली आणि वानखेडेवर आपल्याला हवं तसं मिळालं, तर इंग्लंडच्या पानेसरने अकरा आणि स्वानने आठ विकेट घेतल्या. वीसपैकी एकोणीस त्यांच्या स्पिनर्सच्या. पीटरसनने १८६ मारले, आजही डोळ्यांसमोर आहेत, आणि आपण दहा विकेटने हरलो. १२ वर्षांनी, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, त्याच वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध आपल्याला जिंकायला १४७ पाहिजे होत्या. आपण १२१ वर आउट. पंतच्या एकट्याच्या ६४. एजाज पटेल, ज्याचा जन्मच मुंबईचा, आठ वर्षांचा असताना घरचे न्यूझीलंडला गेले, त्याने मॅचमध्ये अकरा विकेट काढल्या. त्यानेच २०२१ ला याच मैदानावर एका डावात दहाच्या दहा घेतल्या होत्या. मुंबईची माती कोणाला कळली म्हणायची!

२०२४ च्या त्या सिरीजची सुरुवातही पिचवरूनच बिघडली होती. बंगळुरूला पाऊस, पिच कव्हरखाली, वर ढग, आणि रोहितने टॉस जिंकून बॅटिंग घेतली. सर्वबाद ४६. घरच्या मैदानावरचा आपला सगळ्यात कमी स्कोअर. ऊन पडल्यावर त्याच पिचवर आपणच दुसऱ्या डावात ४६२ केल्या, सरफराजचे १५०, पंत ९९ वर गेला. पिच एकच, फक्त ओल गेली. आणि मग गहुंज्याला आपण काळ्या मातीचं, कोरडं, संथ पिच दिलं. वॉशिंग्टन सुंदरने पहिल्या डावात सात काढल्या, अश्विनने तीन, दहाच्या दहा ऑफस्पिनर्सना. मी तिसऱ्या दिवशी स्टँडमध्ये होतो. ३५९ चा पाठलाग, जयस्वाल सुटलेला, लंचला १ बाद ८१, सगळं स्टेडियम उभं, आजूबाजूची अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. त्यानंतर दोन तासांत सगळं ओसरलं. पंत रनआउट झाला तेव्हा माझ्या शेजारचे एक साठीचे गृहस्थ उठून निघूनच गेले, काही न बोलता. मला राग खेळाडूंचा नाही आला. मला सारखं वाटत होतं की २०१९ चं पिच इथे असतं तर हीच टीम हीच मॅच वेगळी खेळली असती.

हे फक्त आपलंच आहे असं नाही. २०१८ ला साऊथ आफ्रिकेने जोहान्सबर्गला आपल्यासाठी हिरवं, उंच-खाली उसळणारं पिच काढलं. सिरीज ते आधीच २-० ने जिंकलेले, गरज काय होती! आपण एकही स्पिनर न घेता पाच फास्ट बॉलर खेळवले. पुजाराला पहिली धाव करायला चोपन्न चेंडू लागले. दुसऱ्या डावात अजिंक्य रहाणेने ४८ केल्या, त्या सिरीजमध्ये आधी त्याला बसवलं होतं, आणि माझ्या मते त्या ४८ त्याच्या कितीतरी शतकांच्या तोडीच्या आहेत. आपण ६३ धावांनी जिंकलो. त्यांच्या बॉलर्सना फायदा व्हावा म्हणून काढलेल्या पिचवर आपला शमी २८ धावांत ५ घेऊन गेला. पिचला शेरा ‘पुअर’.

आणि मुलतान. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडने तिथे ७ बाद ८२३ केल्या, ब्रूक ३१७, रूट २६२, आणि पाकिस्तान पहिल्या डावात ५५६ करूनही डावाने हरलं. मग त्यांनी त्याच पट्टीवर दुसरी कसोटी खेळवली, तेच पिच, मोठे पंखे लावून वाळवलेलं, आणि नोमान अली-साजिद खान या दोन स्पिनर्सनी मिळून इंग्लंडच्या वीसच्या वीस विकेट काढल्या. रावळपिंडीला परत तसंच, सिरीज २-१. सगळीकडे वाहवा, अखेर उपाय सापडला म्हणून. तीन महिने नाही झाले तर वेस्ट इंडिज आलं, मुलतानलाच, आणि पहिली हरून दुसरी कसोटी १२० धावांनी जिंकून गेलं. त्यांचा स्पिनर जोमेल वॉरिकन सिरीजचा हिरो. वेस्ट इंडिजने पाकिस्तानात कसोटी जिंकली ती चौतीस वर्षांनी! चांगल्या पिचवर ती टीम पाकिस्तानला पाकिस्तानात हरवू शकली असती का, मला नाही वाटत.

उलटं उदाहरण द्यायचं तर २००२ चं हेडिंग्ले. ढगाळ हवा, पिचवर ओल, कोणीही बॉलिंग घेईल असं वातावरण, आणि गांगुलीने बॅटिंग घेतली आणि कुंबळे-हरभजन दोघांनाही खेळवलं. का, तर पहिले दोन सेशन काढले की नंतर पिच तुटणार आणि तेव्हा आपल्याकडे दोन स्पिनर असणार. ते दोन सेशन काढले आपल्या बीडच्या संजय बांगरने. ६८ धावा, पण काय ६८! द्रविडसोबत १७० ची भागीदारी, चेंडू अंगावर घेतले, बाहेरचे सोडले. मग द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८, आपण ८ बाद ६२८ आणि एक डाव ४६ धावांनी विजय. इंग्लंडच्या पिचवर, इंग्लंडच्या हवेत. पिच हे वेळेनुसार बदलत जाणारं असलं की असं प्लॅनिंग करता येतं. पहिल्या बॉलपासून शेवटपर्यंत एकच प्रकारचं भयंकर असेल तर कॅप्टनला करायला उरतं काय, टॉस जिंकायचा आणि हात जोडायचे.

मुंबईत हे ज्ञान कांगा लीगने दिलं. १९४८ पासून पावसाळ्यात, ओल्या पिचवर, चिखलात, गुडघाभर गवतात खेळायची स्पर्धा. तिथे कोणी पिचबद्दल तक्रार करत बसायचं नाही, सगळ्यांना तेच मिळायचं, आणि त्यातून मुंबईच्या बॅट्समनचे पाय आणि हात तयार झाले. कोणी म्हणेल मग आखाड्यावर खेळूनही तयार होतील की. होतीलही, पण ते शिकायच्या वयात आणि शिकायच्या मॅचमध्ये. डब्ल्यूटीसीच्या, म्हणजे वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपच्या, फायनलला कोण जाणार हे ठरवणाऱ्या मॅचमध्ये नाही.

डब्ल्यूटीसीने हे वाढवलंय असं मला वाटतं. ड्रॉला पॉइंट कमी, घरची सिरीज म्हणजे पॉइंट गोळा करायची जागा, त्यामुळे प्रत्येक जण निकाल लागेल असं पिच मागतो. टॉसच काढून टाका, पाहुण्या कॅप्टनला ठरवू द्या, अशीही एक सूचना आहे. इंग्लंडच्या काउंटीत २०१६ पासून काही सीझन पाहुण्या टीमला थेट बॉलिंग घ्यायची मुभा होती, आणि २०१८ ला कुंबळेच्या अध्यक्षतेखालच्या आयसीसीच्या क्रिकेट कमिटीने मुंबईत यावर चर्चा करून टॉस ठेवायचं ठरवलं. मला ते पटलं. टॉस काढून यजमान सुधारणार नाहीत, शेरे कडक केले तर सुधारतील, तेही उसळी सारखी होती का हे बघून दिलेले. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पर्थची अ‍ॅशेस कसोटी दोन दिवसांत संपली तरी पिचला ‘व्हेरी गुड’ मिळालं, त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली आपल्याकडे, पण शेवटी ट्रॅव्हिस हेडने त्याच पिचवर १२३ मारल्या होत्याच. दिवस मोजून पिच ठरत नाही.

त्याच नोव्हेंबरमध्ये कोलकात्याला आपण परत तेच केलं. साऊथ आफ्रिका १५९ आणि १५३, आपण १८९ आणि १२४ च्या पाठलागात ९३. त्यांच्या ऑफस्पिनर हार्मरच्या आठ विकेट, आणि पूर्ण मॅचमधली एकमेव फिफ्टी बवुमाची, नाबाद ५५. मॅचनंतर कोच गंभीरने सांगितलं की पिच आम्हाला हवं तसंच होतं. मग गुवाहाटीला बऱ्यापैकी चांगलं पिच मिळालं आणि तिथे आपण ४०८ धावांनी हरलो, म्हणजे कोलकात्यापेक्षा कितीतरी वाईट. माझ्या मित्रांनी लगेच मला हे ऐकवलं, बघ, चांगल्या पिचचं काय झालं. पण मला गुवाहाटीचा पराभव कमी टोचला. त्यांनी ४८९ केल्या, जान्सनने ९३ मारल्या आणि मग सहा विकेट घेतल्या, हार्मरने दुसऱ्या डावात सहा घेतल्या. ते चांगले खेळले, आपण वाईट खेळलो, आणि आपल्या बॅट्समनना फिरकी खेळता येत नाही हे पाच दिवसांत स्वच्छ समोर आलं. कोलकात्यानंतर पिचवर बोट ठेवता आलं होतं, गुवाहाटीनंतर ते करता आलं नाही.

आणि फिरकी का खेळता येत नाही, तर रणजीमध्ये ती वेगळ्याच पिचवर खेळावी लागते. बऱ्याच ठिकाणी निकाल लागावा म्हणून गवत ठेवतात, मीडियम पेसर विकेट काढतात, स्पिनर दहा ओव्हर टाकतो, नाहीतर मग पाटा असतं आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर मॅच संपते. मोठे खेळाडू रणजी फारसे खेळतच नाहीत. आपल्याकडे मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ अशा तीन टीम आहेत, शेजारी बडोदा, गोवा. यांच्या पोरांना सीझनमध्ये निदान दोन-तीन मॅच अशा मिळू देत की जिथे पहिल्या दिवशी धावा होतायत, तिसऱ्या दिवसापासून चेंडू धरतोय, आणि चौथ्या दिवशी लंचनंतर अजून दीडशे बाकी असताना डावखुरा स्पिनर राउंड द विकेट येऊन फुटमार्क्समध्ये टाकतोय. अशी पिचं बनवणारे माळी आणि क्युरेटर आपल्याकडे आहेत, त्यांना फक्त पाणी कधी तोडायचं हे स्वतः ठरवू द्या आणि मॅचच्या आदल्या आठवड्यात कोणी फोन करू नका.